सेझिमला परत आणायला

२५ मार्च, बिश्केक

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी माझा रक्तदाब बघितला आणि म्हणाल्या, "कालीपा, तू इथली नर्स आहेस की पेशंट? माणसांवर ओरडू नकोस. घरी जाऊन वहीत लिही." म्हणून ही वही. बघू या, कागद किती सहन करतो ते.

सकाळी गुलायिम एजेचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला.

"कालीपा, सेझिम बसली."

"कुठे बसली? बस मिळाली ना तिला?"

"सासरी बसली. मेदेर म्हणून मुलगा आहे, सारी-बेलचा. घरचे चांगले आहेत. घोडे आहेत."

मला कळायलाच वेळ लागला. सेझिम माझी भाची. एजेची मुलगी, पण पाच वर्षं माझ्या घरी राहते, माझ्या ताटात जेवते. गणिताची मास्तरीण व्हायला शिकते आहे. नवरोजला आईकडे गेली होती. परत येताना बसथांब्यावर गाडी थांबली, तिघांनी धरून आत कोंबली आणि डोंगरात नेली. मुलाने तिला कुठल्याशा लग्नात एकदा नाचताना पाहिली होती. एवढीच ओळख.

"आणि तू काय केलंस?"

"ते माफीचा मेंढा घेऊन आले होते. रीतीने आले. पोरगी रात्रभर त्यांच्या घरात राहिली, कालीपा. आता परत आणली तर लोक काय म्हणतील?"

"मेंढा घेतलास?"

ती हवापाण्याचं बोलायला लागली.

"एजे, मेंढा घेतलास?"

फोन ठेवला मी. ठेवला म्हणजे भिंतीवर आपटला. त्याची काच तडकली आहे.

२७ मार्च, सारी-बेल

डोलोनच्या घाटात अजून बर्फ आहे. गाडीवाल्याने वाटभर लग्नाची गाणी लावली होती. शेवटी मी ओरडले तेव्हा बंद केली.

घर शोधावं लागलं नाही. अंगणात बायका मोठ्या कढईत पिठाचे बोर्सोक तळत होत्या, पोरं पळत होती. मला बघून एक म्हणाली, "या या, मुलीकडच्या आलात ना? चहा घ्या." चहा! मी सरळ आत निघाले. आतल्या कोपऱ्यात पडदा लावलेला आणि त्यामागे माझी पोरगी, डोक्याला नव्या सुनेचा पांढरा रुमाल.

तेवढ्यात मेदेरची आई, सोनुन आपा, उठली आणि उंबऱ्यावर आडवी झाली. आडवी! डोकं एका चौकटीला, पाय दुसऱ्या. म्हाताऱ्या बाईला ओलांडून गेलेल्या मुलीला शाप लागतो म्हणतात, तिचं कधी भलं होत नाही. मागे सासरा जापार हातात चाबूक घेऊन उभा. त्याच्या मागे सगळे भाऊबंद.

"उठा," मी म्हटलं. "आपा, उठा नाहीतर मी तुमच्या अंगावरून जाईन." शिव्या द्यायच्या तरी 'तुम्ही' म्हणून द्याव्या लागतात आमच्यात.

ती खालून माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू, माझ्यापुरतं म्हणाली, "ओरडू नकोस, पोरी. ओरडून हे दार उघडत नाही."

धमकी देते मला! मी तिला ओलांडून गेले. बायका किंचाळल्या. मी पडदा ओढला आणि सेझिमचा हात धरला. हात बर्फासारखा.

"चल."

"मावशी, तू जा."

"काय?"

"आईचा फोन आला होता. म्हणाली, परत आलीस तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस. तू जा. मी बसते."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तिच्या देखत सगळ्यांना काय काय म्हणाले ते लिहीत नाही. कागद खरंच सहन करणार नाही.

२९ मार्च

तालुक्याच्या चौकीत गेले. कायदा आहे, शिक्षा आहे, भिंतीवर मोठं पोस्टरसुद्धा लावलंय, रडणाऱ्या मुलीचं. त्या पोस्टरखाली बसून साहेब सूर्यफुलाच्या बिया सोलत होते.

"मुलगी तक्रार करते का?"

"तिला धमकावलंय."

"मग मुलीला घेऊन या. एजे, माझी बायको पण अशीच आली. आज चार पोरं आहेत, विचारा तिला, सुखी आहे का नाही."

"तुमच्या समोर विचारू, का तुम्ही बाहेर गेल्यावर?"

शिपाई हसला. साहेब नाही हसले. मला बाहेर काढलं.

१६ एप्रिल, बिश्केक

सेझिमचा पलंग तसाच आहे. कपाटावर तिची भूमितीची पुस्तकं. शेजारीण म्हणाली, "दुसरी भाडेकरू ठेव." तिच्याशी बोलणं बंद.

एजेशी बोलणं बंद. कुळातल्या सगळ्यांशी बंद. आता पेशंट तेवढे राहिलेत.

९ जुलै, सारी-बेलच्या वरचं कुरण

रजा काढून आले. उन्हाळ्यात ही मंडळी घोड्यांना घेऊन वर येतात, तंबूत राहतात. म्हटलं इथे भिंती नाहीत, उंबरा नाही, आडवी होईल कुठे ती बया?

मी आले तेव्हा सेझिम घोड्यावर होती. आधी मी ओळखलंच नाही. तोंड रापून तांब्यासारखं झालंय, नाकाचं साल निघालंय, हातांना भेगा. डोक्यावर तोच रुमाल. म्हातारीची करडी घोडी घेऊन ती वरच्या धारेवरून उतरत होती आणि म्हातारी खालून ओरडून शिकवत होती: "लगाम ढिला सोड! उतारावर घोडीचं घोडीला ठरवू दे! तिला वाट ठाऊक आहे!"

ज्या मुलीला मी बिश्केकमध्ये रस्ता ओलांडताना हात धरून नेत होते ती. फुकटची गुराखीण मिळाली ना त्यांना. रोज पहाटे हिला धारेपलीकडे खिंडीच्या तोंडापर्यंत धाडतात, चरायला गेलेल्या घोड्या वळवून आणायला. घरात धडधाकट नवरा आहे, सासरा आहे. ते घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस पीत पडलेले असतात.

मी मेदेरला म्हटलंही. तो म्हणाला, "आईचं काम आहे ते, आम्ही बायकांच्या कामात पडत नाही." आणि दात काढले. चांगले दात आहेत. पाडायला हवेत.

१० जुलै

आज सेझिमबरोबर एकटी बोलायला मिळालं, ओढ्यावर.

"चल माझ्याबरोबर. आत्ता. गाडी खाली उभी आहे."

"खाली दोन ठिकाणी त्यांची माणसं आहेत, मावशी. तू आलीस की आणखी दोन बसवतात."

"मग ओरडू. लोक जमतील."

"लोक त्यांचेच आहेत." मग म्हणाली, "मावशी, माझा पासपोर्ट तुझ्या कपाटात आहे. तो आणून दे. आणि बूट. जाड तळव्याचे, आत लोकर असलेले."

"पासपोर्ट कशाला?"

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "लग्न नोंदवायचंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, जाळून टाकीन पण देणार नाही. म्हटलं, तुला पाच वर्षं शिकवली ती घोडीच्या आचळाला हात लावायला का? ती रडली नाही. धुतलेली बादली परत धुवायला लागली.

इतक्या लवकर मोडते मुलगी? मला वाटलं होतं माझं पाणी आहे तिच्यात.

११ जुलै

म्हातारी मला खिजवते. चहा ओतता ओतता विचारते, "मास्तरीण व्हायला अजून किती शिकावं लागतं? मध्येच सोडलेलं परत धरता येतं का? तिकडे ओश शहरात पण असतं का तसलं कॉलेज?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय? तिला शेणी थापायला लावा."

"शेणी पण थापते चांगल्या," म्हणाली. लाज नाही.

मग मला तंबूमागे बोलावलं. "तू दवाखान्यात आहेस. ते औषध असतं ना, मूल न राहण्याचं?"

"कुणाला हवंय?"

"सुनेला. घरात बोलू नकोस. यंदा मूल नको. कामं फार आहेत."

बघा! पोरीच्या पोटात काय वाढावं न वाढावं, तेही हिच्या घोड्यांच्या सोयीने. मी तिला चेटकीण म्हटलं, तोंडावर. ती म्हणाली, "हिवाळाभर पुरेल एवढं पाठव."

पाठवणार आहे. तिच्यासाठी नाही.

१४ ऑगस्ट, बिश्केक

गोळ्या पाठवल्या, लोकरीच्या मोज्यात गुंडाळून. बूटही पाठवले. बाजारात सगळ्यांत चांगले होते ते घेतले आणि घेताना दुकानदाराशी भांडले. पासपोर्ट नाही पाठवला. कपाटातून काढून बघितला. फोटोत सेझिम सोळा वर्षांची आहे आणि कुणीतरी हसवल्यासारखी ओठ दाबून बसली आहे. मीच हसवलं होतं.

१९ ऑक्टोबर, सारी-बेल

जापारच्या भावाने नवं घर बांधलं, त्याची मेजवानी. मुलीकडचे म्हणून आम्हालाही बोलावणं. गुलायिम एजे नवा कोट घालून आली होती. मी तिच्या शेजारी बसले नाही.

सेझिम पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत होती. बाही वर सरकली आणि मनगटावर निळेकाळे वळ दिसले. बोटांचे ठसे. दवाखान्यात इतकी वर्षं गेली, मला कुणी सांगायला नको की ते कशाने होतं.

मेदेर समोर बसून मेंढीच्या शेपटीची चरबी कापत होता. मी उठले आणि त्याच्या कानाखाली वाजवली. खच्चून. थाळी उलटली. पुरुष उठले. मौलवीच्या मांडीवर रस्सा सांडला. जापार गरजला, "ही बाई दर वेळी येऊन तमाशा करते!" एजे माझ्या कोटाला धरून ओढत होती, "कालीपा, लाज आण, लाज आण."

"मी आणू लाज? मी?" आणि मग मला राहवलं नाही. पर्समध्ये पासपोर्ट होता. का आणला होता कोण जाणे, फाडून तोंडावर फेकायला असेल. मी तो सेझिमच्या पायाशी भिरकावला. "घे! नोंदव लग्न! यांच्यात राहायचंय ना तुला? राहा!"

सेझिमने पासपोर्टकडे बघितलं आणि ढसाढसा रडली. मार्चपासून पहिल्यांदा. लाज वाटली असेल. वाटू दे.

सोनुन आपाने पुढे होऊन तो उचलला, पुसला आणि आपल्या छातीशी कपड्यात खोचला. "माझ्याकडे राहील," म्हणाली. पुरुष हसले. जापार म्हणाला, "बघा, माझी बायको कशी सांभाळते घर!"

म्हणजे आता कागदसुद्धा त्या चेटकिणीच्या ताब्यात. आणि तो मी माझ्या हाताने दिला.

मी परत जाणार नाही तिथे. तिने तिचं निवडलं.

२ डिसेंबर, बिश्केक

सेझिम नाहीशी झाली आहे.

एजेचा फोन. "कुठे लपवलीस? माझं नाक कापलंस तू! जापारचे लोक माझ्या दारात बसलेत!"

मोठं बर्फ पडलं त्याच्या आदल्या सकाळपासून घरात नाही म्हणे. सासूने हमरस्त्यावरच्या दुकानात मीठ आणायला पाठवली होती, तिथून बिश्केकची गाडी धरली असणार.

"माझ्याकडे नाही आली."

"खोटं बोलतेस!"

मला खोटं बोलता येतं का, ते एजेला माहीत नाही? लहानपणी साखर चोरली तरी मार मीच खायचे, चेहऱ्यावरून कळायचं म्हणून.

४ डिसेंबर

मेदेर आला. बरोबर दोन मित्र, बहुतेक गाडीत कोंबणारे तेच. पलंगाखाली बघितलं, कपाट उघडलं, गच्चीवर गेले.

"बायको कुठाय माझी?"

"तू मला विचारतोस? मी तुला विचारते! काय केलंस तिचं? मारलीस ना? बर्फात पुरलीस आणि इथे नाटक करायला आलास!" मी त्याची कॉलर धरली. माझा तोल गेला होता. मी त्याला भिंतीवर ढकलत होते आणि रडत होते आणि शेजारपाजारचे जिन्यात उभे होते.

त्याच्या मित्राने मला सोडवलं. मेदेर घाबरला होता. कॉलर नीट करत म्हणाला, "चला रे. हिला खरंच काही माहीत नाही."

९ डिसेंबर

तीन दिवस बिश्केकच्या सगळ्या बसथांब्यांवर फिरले त्यांचे लोक, असं आज कळलं. मी सुद्धा फिरत होते. शवागारातसुद्धा जाऊन आले.

१२ जानेवारी, सारी-बेल

तिचं काय झालं ते त्या म्हातारीच्या तोंडून काढायचंच, म्हणून आले. घाटात गाडी दोनदा आडवी झाली. गाडीवाला दुवा मागत होता, मी शिव्या घालत होते, पोचलो.

जापार घोड्यांकडे गेला होता. मेदेर अजून खाली शोधत फिरतोय. सोनुन आपा एकटी चुलीजवळ. उजव्या हाताची दोन बोटं काडीला बांधलेली, चिंधीने. सुजून वांग्यासारखी झालेली.

मी बोलायचं ठरवून आले होते ते सगळं विसरले. "हे कशाने?"

"गायीने लाथ मारली."

"गायीला चाबूक धरता येतो?"

ती हसली. मी माझी पिशवी उघडली, चिंधी सोडली. वाकडी बांधली होती. सरळ करताना तिने हूं की चूं केलं नाही. आणि मी खाली बघून पट्टी गुंडाळत असताना बोलायला लागली.

"पोरगी सुखरूप आहे. ओरडू नकोस. शेजारी भिंतीला कान लावून बसतात."

माझ्या हातातून पट्टी पडली.

"खिंडीतून गेली. माझ्या घोडीवरून. पलीकडच्या खोऱ्यात माझ्या भावाची विधवा आहे, तिच्याकडे. पासपोर्ट घेऊन, तुझे बूट घालून. तिथून ओशकडे जायची होती. दुसऱ्या दिवशी खिंड बंद झाली. आता मे महिन्यापर्यंत पाखरूसुद्धा जाणार नाही."

"पण मीठ..."

"मीठ मी सांगितलं. तू दर वेळी बिश्केकच्या रस्त्याने ओरडत येतेस. पळाली तर तुझ्याकडेच पळणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. सगळे त्याच रस्त्याला पळाले. खिंडीकडे कुणी मान वळवली नाही. घोडी लांडग्यांनी नेली म्हणून सांगितलं."

"मला का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच बहुतेक, कारण तिने माझ्या तोंडावर तो बांधलेला हात ठेवला.

"पोरीचं म्हणणं होतं, सांगू या. मी नाही म्हटलं. तुझ्या मनात येतं ते आधी तुझ्या चेहऱ्यावर येतं. तुला सांगितलं असतं तर सगळ्या सारी-बेलला कळलं असतं."

खरं आहे. पण तरीही राग आला. अजूनही आहे.

मी विचारलं, ती वाट तुम्हाला कशी माहीत?

"मी पलीकडचीच. सतरा वर्षांची होते, शाळेतून घरी चालले होते. दोन घोडेस्वार आले." ती चुलीत शेणी सरकवत होती. "पहिल्या उन्हाळ्यात वाट बघून ठेवली. कुठे ओढा, कुठे दरड. शरदात जाणार होते. तर पोट राहिलं. मग दुसरं. मग मेदेर. पण दर उन्हाळ्यात वर गेले की खिंडीपर्यंत जाऊन बघून यायचे, वाट आहे का अजून. जापारला वाटायचं, घोड्यांसाठी जाते."

"त्याला संशय नाही आला?"

"मी कुठली, हे त्याने कधी विचारलंच नाही, पोरी."

त्या गोळ्या. ते बूट. 'कामं फार आहेत.' मी हिला काय काय म्हटलं होतं! मी म्हटलं, "चला माझ्याबरोबर. आत्ता, गाडी आहे. हे असं हाडं मोडून घेत कशाला राहता? माझ्या घरी एक पलंग मोकळा आहे."

तिने पलंगाचं ऐकून क्षणभर मान वर केली. खरंच क्षणभर. मग म्हणाली, "मी गेले तर ते सगळं जुळवून बघतील. खिंड उघडायच्या आत रस्त्याने वळसा घालून पलीकडे पोचतील. उन्हाळ्यापर्यंत मी इथे असायला हवी. मीठ आणायला पाठवणारी मूर्ख म्हातारी म्हणून."

बाहेर घोड्याच्या टापा वाजल्या. जापार.

तिने पट्टीचं टोक दाताने धरून गाठ मारली आणि पुटपुटली, "ओरड."

"काय?"

"तू आलीस आणि इथे शांत बसलीस, हे बघितलं तर तो विचार करील. ओरड, कालीपा."

आणि मला जमेना. आयुष्यभर ज्याच्यापायी नोकऱ्या बदलल्या, नवरा गेला, बहिणी तुटल्या, तो आवाज माझ्या घशातून निघेना. जापारने दार लोटलं. बर्फ झटकत उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या पट्ट्याला चाबूक खोचलेला होता.

मग आवाज निघाला. "चेटकिणी!" मी तिला म्हटलं. "माझी पोरगी द्या! मीठ आणायला पाठवता? कुठे गाडलीत तिला?" मी तिला म्हणत होते आणि बघत होते त्याच्याकडे. जे त्याला म्हणायचं होतं ते सगळं तिच्या नावाने म्हटलं. "हात झडतील तुमचे! तुमच्या घरात कुणी पाणी पाजायला उरणार नाही!" ती खाली मान घालून ऐकत होती, बांधलेला हात पोटाशी धरून, खांदे थरथरत. जापारला वाटलं असेल, रडतेय.

"बस कर," तो शेवटी म्हणाला. "म्हातारीला काय कळतं? जा तुझ्या घरी."

मी दार आपटून निघाले. गाडीवाला म्हणाला, "एजे, पार ओढ्यापर्यंत ऐकू येत होतं." मी त्याला गप्प बस म्हटलं.

२७ फेब्रुवारी, बिश्केक

दुपारी ड्यूटीवर असताना अनोळखी नंबर. उचलला.

"मावशी?"

मी जिन्यात जाऊन तिला झापलं. चांगलं झापलं. मूर्ख, दगड, मावशीला मरायला सोडलंस, शवागारं बघायला लावलीस. ती पलीकडून हसत होती, रडत होती, "बोल मावशी, अजून बोल," म्हणत होती. ओशमध्ये आहे. पुढच्या शरदात तिथल्या कॉलेजात घेणार आहेत, मागची वर्षं धरून. खिंडीत घोडी एकदा गुडघ्यांवर बसली होती म्हणे, मग आपोआप उठली. बुटांनी टाचा सोलल्या.

मग तिने विचारलं, "आपा कशा आहेत? त्यांना कुणी काही केलं नाही ना?"

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. खाली अंगणात कुणीतरी बर्फ खरवडत होतं.

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. "ठणठणीत. कुणाला काही कळलं नाही."

"नक्की?"

"नक्की. मी स्वतः बघून आले."

तिने विश्वास ठेवला. फोनवर चेहरा दिसत नाही, हे बरं आहे.